अवकाशीय बुद्धिमत्ता : संकल्पना, मापन आणि संवर्धन
(अहिल्यानगर जिल्ह्यातील पाणलोट कामांच्या संदर्भात एक चिकित्सा)

प्रस्तावना

भाषेवर प्रभुत्व आणि गणितात गती असलेला विद्यार्थी म्हणजे बुद्धिमान विद्यार्थी, ही समजूत आपल्या शिक्षणव्यवस्थेत दीर्घकाळ दृढ आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये 'फ्रेम्स ऑफ माइंड' या ग्रंथातून बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत मांडून या समजुतीला धक्का दिला. त्यांनी सांगितलेल्या सात बुद्धिमत्तांपैकी एक म्हणजे अवकाशीय बुद्धिमत्ता होय. वस्तूंचे आकार, त्यांची परस्परसापेक्ष स्थिती, अंतर, दिशा आणि चढ-उतार यांचे आकलन करणे, ते स्मरणात ठेवणे आणि वस्तू न हलविता मनातल्या मनात त्यांची मांडणी बदलून पाहणे, या क्षमतांचा तीत समावेश होतो.

हा सिद्धांत आपल्याकडील अध्यापक-शिक्षणात आता रुळला आहे. तथापि, तो ज्या स्वरूपात रुळला आहे ते तपासून पाहणे आवश्यक आहे. अवकाशीय बुद्धिमत्ता म्हटले की चित्रकार, शिल्पकार, वास्तुविशारद आणि वैमानिक यांची यादी पुढे येते. तिच्या संवर्धनाचे उपाय म्हणून बुद्धिबळ, ठोकळे, चित्रकोडी आणि संगणकीय खेळ सुचविले जातात. हे उपाय चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. शेताला पाणी देणारा शेतकरी, ओळंबा धरणारा गवंडी, मेंढरांमागे डोंगर तुडविणारा धनगर यांना या यादीत स्थान नसते. परिणामी, ज्या ग्रामीण मुलाच्या घरात ही बुद्धी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, त्यालाच शाळेत 'भूमितीत कच्चा' असा शेरा मिळण्याचा संभव राहतो.

अवकाशीय बुद्धिमत्तेचे प्रचलित आकलन कागदापुरते सीमित का झाले आणि तिच्या संवर्धनाची अधिक भक्कम वाट कोणती, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाणलोट विकासाच्या अनुभवाचा आधार घेतला आहे.

१. संज्ञेचा विचार

'अवकाशीय' हा शब्द प्रथम ऐकणाऱ्याच्या मनात अवकाशयान, ग्रह-तारे यांचे चित्र उभे करतो. मराठीत 'अवकाश' या शब्दाला रिकामी जागा, सवड आणि अंतराळ अशा अनेक अर्थच्छटा आहेत. त्यामुळे ही बुद्धी आपल्या रोजच्या व्यवहारापासून दूरची आहे, असा ग्रह सहज होतो. वास्तविक पाहता या क्षमतेसाठी व्यवहारातील मराठी अत्यंत समृद्ध आहे. उगवतीकडे-मावळतीकडे, वरच्या अंगाला-खालच्या अंगाला, माथा, पायथा, उतार, काठ, बगल, आडवा, तिरपा, ही सारी अवकाशीय विचाराचीच भाषा आहे. खेड्यात पत्ता सांगताना 'डावीकडे वळा' यापेक्षा 'ओढ्याच्या पलीकडे उगवतीच्या अंगाला' असे सांगणे स्वाभाविक वाटते.

हा भेद केवळ बोलीचा नाही. स्वतःच्या शरीराला केंद्र मानून डावे-उजवे ठरविणे ही एक पद्धत, तर दिशा, उतार किंवा नदी यांना प्रमाण मानणे ही दुसरी. पिअर दासेन आणि रमेश मिश्र यांनी भारत, नेपाळ व बाली येथील मुलांवर केलेले संशोधन २०१० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. वाराणसीतील संस्कृत पाठशाळांत शिकणारी मुले खोलीच्या आत मांडलेल्या वस्तूंचे स्थानही पूर्व-पश्चिम अशा दिशांच्या आधारे ध्यानात ठेवतात, असे त्यांत दिसून आले. अर्थात, अवकाशाचा विचार करण्याच्या रीती संस्कृती, भाषा आणि शिक्षण यांनी घडतात. मग या बुद्धीचे मापन एकाच रीतीने करणे कितपत न्याय्य, हा प्रश्न उपस्थित होतो.

२. संकल्पनेची वाटचाल आणि निसटलेला आशय

या क्षमतेचा अभ्यास गार्डनर यांच्या पूर्वीपासून होत आला आहे. १९३८ मध्ये लुई थर्स्टन यांनी प्राथमिक मानसिक क्षमतांमध्ये अवकाशीय क्षमतेला स्वतंत्र स्थान दिले. ज्याँ पियाजे व बार्बेल इनहेल्डर यांनी तीन डोंगरांची प्रतिकृती मुलांसमोर ठेवून, समोरच्या बाजूला बसलेल्या बाहुलीला हे डोंगर कसे दिसत असतील, असा प्रश्न विचारला. लहान मुले स्वतःला दिसणारे दृश्यच बाहुलीलाही दिसते असे सांगतात, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी दाखवून दिले की, दोन आकृत्या सारख्या आहेत की नाहीत हे ठरविण्यास लागणारा वेळ त्यांच्यातील कोनाच्या प्रमाणात वाढत जातो. म्हणजे मनुष्य मनात वस्तू खरोखर फिरवून पाहतो.

गार्डनर यांनी या परंपरेत एका महत्त्वाच्या मुद्द्याची भर घातली. एखाद्या संस्कृतीत मोलाच्या मानल्या जाणाऱ्या समस्या सोडविण्याची वा वस्तू निर्माण करण्याची क्षमता म्हणजे बुद्धिमत्ता, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच त्यांनी पॅसिफिक महासागरातील कॅरोलाइन बेटांवरच्या, ताऱ्यांच्या आधारे नाव हाकणाऱ्या खलाशांचे उदाहरण दिले. ही बुद्धी केवळ डोळ्यांवर अवलंबून नाही, दृष्टिहीन व्यक्तीतही ती विकसित होऊ शकते, असेही त्यांनी स्पष्ट केले.

आपल्याकडील स्वीकारात नेमका हाच आशय निसटला. सात बुद्धिमत्तांची यादी राहिली, संस्कृतीचा संदर्भ गळाला. 'हा मुलगा भाषिक, ती मुलगी अवकाशीय' अशी लेबले लावण्याकडे कल वाढला. बुद्धिमत्तेचे प्रकार आणि शिकण्याच्या शैली यांची सरमिसळ झाली. वस्तुतः गार्डनर यांनी स्वतःच या सरमिसळीस आक्षेप घेतला आहे. या बुद्धिमत्ता परस्परांपासून खरोखर स्वतंत्र आहेत काय, याविषयीही मानसशास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद आहेत. तरीही अवकाशीय क्षमता ही शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, याबद्दल मात्र स्वतंत्र पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतील सुमारे ४ लाख विद्यार्थ्यांच्या दीर्घकालीन माहितीवर आधारित आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाय, लुबिन्स्की व बेनबो यांच्या अभ्यासानुसार, किशोरवयातील अवकाशीय क्षमता पुढील आयुष्यातील विज्ञान, तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी क्षेत्रांतील यशाशी निगडित असते. तेव्हा ज्या मुलांच्या या क्षमतेची दखल घेतली जात नाही, त्यांच्यापुढील वाटाच बंद होण्याचा धोका असतो.

३. कागदावरील कसोट्या

महाराष्ट्रातील सर्वसामान्य विद्यार्थ्याचा अवकाशीय बुद्धीच्या औपचारिक मापनाशी पहिला संबंध येतो तो शिष्यवृत्ती परीक्षेतील बुद्धिमत्ता चाचणीत. आरशातील प्रतिमा, पाण्यातील प्रतिमा, घडी घालून कापलेला कागद, ठोकळ्याची न दिसणारी बाजू, दिशांवरील कोडी, असे हे प्रश्न असतात. प्रश्न म्हणून ते निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांची तयारी ज्या रीतीने करून घेतली जाते, ती विचारात घेण्याजोगी आहे. आरशातील प्रतिमेत डावे-उजवे बदलते, पाण्यातील प्रतिमेत वर-खाली बदलते, हा नियम पाठ करून घेतला जातो. वर्गात आरसा आणला जात नाही. कागद दुमडून कापून पाहण्यास दोन मिनिटे लागतात, पण सराव मात्र छापील पर्यायांवर खुणा करण्याचा होतो. ज्याला क्लृप्ती ठाऊक तो हुशार, आणि ज्याला ती कोणी सांगितली नाही तो मंद, असा निवाडा यातून होतो. येथे बुद्धीपेक्षा पूर्वतयारीच्या संधीचेच मापन अधिक होते.

भूगोलातील नकाशाकामाची स्थिती याहून वेगळी नाही. नकाशाच्या आराखड्यात घटक दाखवून सूची देणे हा प्रश्न हमखास गुण मिळवून देणारा मानला जातो, कारण कोणत्या ठिकाणी कोणते चिन्ह द्यायचे हे पाठ करता येते. इयत्ता तिसरीत मुलाला स्वतःच्या जिल्ह्याची ओळख करून देण्याची महाराष्ट्रातील पाठ्यक्रमाची परंपरा निश्चितच स्तुत्य आहे. परंतु नकाशात 'वर' असलेली उत्तर दिशा शाळेच्या अंगणात नेमकी कोठे आहे, हे दाखविल्याशिवाय तो नकाशा मुलाच्या दृष्टीने एक चित्रच राहतो.

४. जिल्ह्याचा दाखला : उतार वाचणारी माणसे

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि प्रवरेवरील भंडारदरा धरण, तर पूर्वेला शेवगाव-पाथर्डीचा अवर्षणप्रवण प्रदेश, असा भूरूपांचा मोठा पट येथे आढळतो. जिल्ह्याचे पाणी एकीकडे गोदावरीला आणि दुसरीकडे भीमेला जाऊन मिळते. पाणी कोणत्या बाजूला वाहील, हा येथील माणसाच्या दृष्टीने उपजीविकेचा प्रश्न आहे.

या जिल्ह्यातील राळेगण सिद्धी येथे १९७५ पासून अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने आणि हिवरे बाजार येथे १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या पाणलोट कामांचे अर्थशास्त्रीय व समाजशास्त्रीय विवेचन पुष्कळ झाले आहे. त्यांचा बोधात्मक पैलू मात्र दुर्लक्षित राहिला. 'माथा ते पायथा' हे पाणलोटाचे तत्त्व मुळात अवकाशीय विचाराचे सूत्र आहे. ओढ्यावर बांध घालण्याआधी डोंगरमाथ्यावर पाणी अडवायचे, हे पटण्यासाठी संपूर्ण शिवार एकच एक उतरता आकार म्हणून मनात उभे करावे लागते. आपल्या शेताच्या बांधापुरते पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

सलग समतल चर खोदण्याचे काम या दृष्टीने बोलके आहे. समोच्चरेषा ही भूगोलाच्या पुस्तकातील अत्यंत अमूर्त संकल्पना. समान उंचीची ठिकाणे जोडणारी ही रेषा जमिनीवर कोठेही काढलेली नसते. ती शोधण्यासाठी 'ए' अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट वापरतात. तिच्या शेंड्यापासून ओळंबा सोडलेला असतो. ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीवरील मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असे समजायचे. मग एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढे फिरवायचा, खूण करायची आणि शेवटी सर्व खुणा फक्कीने जोडायच्या. डोंगराच्या अंगावर उमटणारी ही वळणदार पांढरी रेषा म्हणजेच समोच्चरेषा. ती चुकली तर चरातील पाणी खालच्या टोकाला धाव घेते आणि चर फुटतो. पहिल्याच मोठ्या पावसात चूक उघड होते. पाठ्यपुस्तकातील समोच्चरेषा चुकली तर एक गुण जातो, येथे माती वाहून जाते. शिकण्याला इतका तात्काळ आणि इतका निःपक्षपाती प्रतिसाद वर्गात क्वचितच मिळतो.

१९९० च्या दशकात भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत विकसित झालेली गटनिहाय नियोजनाची पद्धत, जी 'नेट प्लॅनिंग' या नावाने ओळखली जाते, तीही येथे विचारात घ्यावी लागते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आणि या जिल्ह्यातून कार्यास आरंभ केलेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट या संस्थेने तिचा पुरस्कार केला. गावाच्या नकाशातील प्रत्येक गटावर शेतकरी आणि तंत्रज्ञ एकत्र जातात; जमिनीचा उतार, मातीची खोली, सध्याचा वापर यांची नोंद करतात आणि तेथे कोणता उपचार करावयाचा ते जागेवरच ठरवितात. शेतकऱ्याला जमीन ठाऊक असते, तंत्रज्ञाला नकाशा. एकाच ठिकाणी उभे राहून दोघे जेव्हा कागद आणि जमीन ताडून पाहतात, तेव्हा शेतकरी नकाशा वाचू लागतो आणि तंत्रज्ञ जमीन. प्रौढ वयातही, फारसे शालेय शिक्षण नसतानाही, अवकाशीय बुद्धी विकसित होऊ शकते, याचे हे एक ठोस उदाहरण म्हणता येईल.

हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद ही याच्या पुढची पायरी होय. सुमारे ४०० मिलिमीटर सरासरी पावसाच्या या गावात पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभेत पीकनियोजन ठरविले जाते. जमिनीखालचे न दिसणारे पाणी साऱ्या गावाने मिळून डोळ्यांपुढे आणणे, हा सामूहिक अवकाशीय विचारच आहे.

५. दोन ज्ञानांमधील अंतर

येथे एका संभाव्य आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. ग्रामीण मुलाकडे परिसराचे ज्ञान असतेच, तेव्हा त्याची अवकाशीय बुद्धी आपोआप विकसित झालेली असणार, असा निष्कर्ष कोणी काढील. असा गौरव दिसायला चांगला, परंतु मुलाच्या हिताचा नाही. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीचा एक अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितांत मागे पडतात, आणि शाळेत शिकणाऱ्या मुलांना बाजारातील हिशेब जमत नाही, असे त्यात आढळले. एका क्षेत्रातील कौशल्य दुसऱ्यात आपोआप उतरत नाही.

अवकाशीय बुद्धीलाही हाच न्याय लागू पडण्याचा संभव आहे. दारे धरणाऱ्या मुलाला कोणत्या सरीत पाणी आधी भरेल हे न मोजता कळते. पण वहीत काढलेला चढाचा कोन हाच तो उतार आहे, हे कोणीतरी दाखवून द्यावे लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांचा प्रश्न तर अधिक गंभीर आहे. ही मुले दर हंगामात नव्या मुलखात जातात आणि नव्या वाटा शिकतात. त्याच काळात शाळेतील नकाशाचे पान मात्र त्यांच्यावाचून उलटले जाते. अनुभव आणि चिन्ह यांचा सांधा जुळविणे हे शाळेचे काम आहे. ते झाले नाही तर अनुभव मुका राहतो आणि चिन्ह पोकळ.

६. संवर्धनाचे मार्ग

अवकाशीय क्षमता प्रशिक्षणाने वाढते, ही बाब आता वादातीत म्हणता येईल. डेव्हिड उटाल व सहकाऱ्यांनी २१७ संशोधनांचा एकत्रित आढावा घेऊन २०१३ मध्ये असे दाखविले की, प्रशिक्षणाचा परिणाम सरासरी ०.४७ प्रमाण विचलनाइतका असतो, तो काही काळ टिकतो आणि न शिकविलेल्या कृतींतही दिसतो. मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून चालविलेल्या अभ्यासक्रमामुळे अभियांत्रिकीच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणात टिकून राहण्याचे प्रमाण सुधारल्याचे आढळले. 'मुलींना नकाशा कळत नाही' हा शेरा यापुढे तरी शिक्षकाच्या तोंडी असू नये.

परिसराशी निगडित असे पुढील मार्ग कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत विनाखर्च वा अल्पखर्चात अवलंबिता येतील.

पहिला मार्ग दिशाज्ञानाचा. शाळेच्या अंगणात उभी काठी रोवून दिवसभर तिच्या सावलीच्या टोकाची खूण करावी. सर्वांत आखूड सावलीची रेषा उत्तर-दक्षिण दिशा दाखविते. जिल्ह्याचे शहर सुमारे १९ उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या मध्यास माध्यान्ही सावली जवळजवळ नाहीशी होते. हे सुट्टीतील निरीक्षण मुलांना घरी देता येईल. त्यानंतर नकाशा भिंतीवर न टांगता जमिनीवर, उत्तरेकडे तोंड करून अंथरावा.

दुसरा मार्ग प्रतिकृतीचा. गावचे शिवार मातीत तयार करून त्यावर झारीने पाणी सोडावे आणि ते कोठे जाईल याचा अंदाज मुलांनी आधी सांगावा. अंदाज आधी, पडताळा नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. पियाजे यांचा डोंगरांचा प्रश्न याच प्रतिकृतीभोवती चारही बाजूंनी मुलांना बसवून विचारता येतो.

तिसरा मार्ग नकाशा आणि जमीन ताडून पाहण्याचा. गावाचा गटनकाशा घेऊन शिवारफेरी काढावी आणि प्रत्येकाने आपले शेत, ओढा, विहीर शोधावी. पुढे १:५०,००० प्रमाणाचा भूस्थलनिर्देशक नकाशा द्यावा. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. कळसूबाईच्या परिसरात समोच्चरेषा दाट का आणि शेवगावकडे विरळ का, याचे उत्तर ए-फ्रेम हाताळलेल्या मुलाला पाठ करावे लागणार नाही.

चौथा मार्ग हाताच्या कामाचा. ठिपक्यांची रांगोळी, कागदाच्या घड्या, विणकाम आणि ठोकळ्यांची बांधणी यांत सममिती, आवर्तन आणि प्रमाण यांचे शिक्षण सामावलेले आहे. अवकाशीय प्रशिक्षणाचा गणितावर होणारा परिणाम तपासणाऱ्या, २०२२ मधील एका आढाव्यात प्रत्यक्ष हाताळण्याची साधने अधिक परिणामकारक असल्याचे दिसले. संगणकीय खेळांच्या आग्रहाला ही मर्यादा घालणे योग्य ठरेल.

पाचवा मार्ग भाषेचा. पालकांच्या बोलण्यात आकार, माप व स्थान यांचे शब्द जितके अधिक, तितकी मुलेही ते अधिक वापरतात आणि पुढे अवकाशीय कृतींत सरस ठरतात, असे २०११ मधील एका अमेरिकन अभ्यासात आढळले आहे. मराठी शिक्षकाने बोलीतील उगवती-मावळती, माथा-पायथा हे शब्द अशुद्ध मानून बाजूला न सारता त्यांवरच पारिभाषिक संज्ञा उभाराव्यात.

याच्या जोडीला, भ्रमणध्वनीवरील मार्गदर्शक नकाशाचा वापर विवेकाने करणेही आवश्यक आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहमानी आणि बोबोट यांच्या अभ्यासात अशा साधनांच्या सवयीचा संबंध अवकाशीय स्मरणशक्तीच्या ऱ्हासाशी असल्याचे दिसून आले. जाताना साधन वापरले तरी येताना वाट स्वतः शोधावी, इतका नेम पुरेसा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, अवकाशीय बुद्धिमत्ता ही काही निवडक कलावंतांना लाभलेली जन्मजात देणगी नाही आणि ती कागदावरील आकृत्यांपुरती मर्यादितही नाही. ती गरजेच्या कामातून घडते, चुकीच्या तात्काळ पडताळ्याने पक्की होते आणि चिन्हांच्या भाषेशी सांधली गेल्यावर इतरत्र उपयोगी पडते. यांतील पहिल्या दोन गोष्टी जिल्ह्यातील डोंगरउतारांवर घडल्या आहेत. तिसरी शाळेने करावयाची आहे.

पाणलोटाची कामे झालेल्या गावांतही समतल चर आणि भूगोलाचा तास यांची भेट होत नसेल, तर तो दोष मुलांच्या बुद्धीचा नव्हे. शाळेपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेला चर हा समोच्चरेषेचा पाठ आहे, हे शिक्षकाने ओळखले, तर 'भूमितीत कच्चा' हा शेरा लिहिण्यापूर्वी तो एकदा त्या मुलाला घेऊन डोंगरावर जाईल आणि पाणी कोठे जाईल, हा प्रश्न त्याला विचारील. अवकाशीय बुद्धीच्या संवर्धनाचा आरंभ त्या प्रश्नापासून व्हावा.